आजेसासूबाई कधी चिडल्या नाहीत, मग मीच का चिडते?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल मी कशाबद्दल बोलतेय. विचारणारी ३४ वर्षांची, माहेर साताऱ्याकडचं, लग्न होऊन इंदूरला आलेली, सुदामा नगरात राहते. मुलगी ६ वर्षांची, मुलगा १४ महिन्यांचा. सासूबाई ७२ च्या, दिवाळीच्या आधी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चालतात. नवरा सुपर कॉरिडॉरला आयटीत, सकाळी नऊला जातो तो रात्री आठला येतो. हिने नोकरी सोडलीय. ती लिहिते की आजेसासूबाई रामबागेतल्या वाड्यात चौदा माणसांचं करायच्या आणि कधी आवाज चढला नाही असं घरात सगळे सांगतात, आणि मी पाच माणसांचं करते तर संध्याकाळी सातला माझा तोल जातो, मुलीवर ओरडते, रात्री रडत बसते. कोणी म्हणतं मेडिटेशन कर, कोणी म्हणतं पहाटे पाचला उठ. ती ताकद, तो शांतपणा आणायचा कुठून, की तो मुळातच असावा लागतो?

मी आधी कॉलेजात होम सायन्स शिकवायचे, नंतर बरीच वर्षं इथेच इंदूरला फॅमिली काउन्सेलिंग केलं, आणि एकत्र कुटुंबाचं घर तर अजूनही चालवतेय. तू माझ्या मुलीच्या वयाची म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

माझं म्हणणं एवढंच आहे की शांतपणा वेगळा कमवायला जाऊ नकोस. दिवस उतरताना अंगात थोडी ताकद शिल्लक असली की माणूस आपोआप नीट बोलतो, आणि नसली की कितीही श्वास मोजले तरी तोंडातून खेकसणंच बाहेर पडतं. तुझी टाकी गळतेय आणि सगळे तुला सांगतायत की पाणी अजून भर. तेव्हा गळतंय कुठे ते आधी बघू.

आता त्या आजेसासूबाई. त्यांना कमी लेखायचं नाहीये, पण जरा हिशोब बघ. रामबाग म्हण, नारायण बाग म्हण, तिथल्या जुन्या मराठी वाड्यांतून चौदा माणसांचं एकटी बाई करत नव्हती. दोन जावा असायच्या, एखादी लग्नाची नणंद असायची, आणि बऱ्याच घरांत एक आत्याबाई असायच्या, लहानपणीच विधवा झालेल्या, ज्या आयुष्यभर सोवळ्यात स्वयंपाक करत राहिल्या आणि ज्यांचं नाव आज घरात कोणी घेत नाही. धुणं-भांड्याला बाई, दळण-किराणा पुरुषांकडे. मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन फिरायची, म्हणजे मूल सांभाळणं पण वाटलेलं. शाळेचं काय चाललंय हे आईला माहीतच नसायचं, तिला कोणी विचारायचं पण नाही. आणि आवाज चढला नाही हे सांगतंय कोण, तर पाटावर बसून जेवणारे. चुलीपाशी काय बोलणं व्हायचं ते त्यांना काय कळणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार पण शांतच दिसतो बाहेरून.

हां, एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे खरी होती आणि ती उचलण्यासारखी आहे. दुपारी दोन ते चार. पुरुषांची पानं उठली, बायकांची उठली, की मागच्या ओसरीवर सगळ्याजणी बसायच्या. कोणी सूप घेऊन गहू पाखडतंय, कोणी शेवया वळतंय, कोणी नुसतीच भिंतीला टेकलीय. हात चालू पण पाठ टेकलेली, पाय पसरलेले, आणि बोलणं चालू. हे कोणी विश्रांती म्हणायचं नाही, म्हटलं असतं तर मिळाली पण नसती. पण दोन तास शरीर बसायचं आणि चार बायकांत मन मोकळं व्हायचं. तुझ्या दिवसात हे दोन तास कुठे आहेत सांग. मुलगा दुपारी झोपतो तेव्हा तू ओटा पुसतेस, कपड्यांच्या घड्या करतेस, आणि मग मोबाइल बघत उभ्याउभ्याच जेवतेस, बरोबर ना? इतक्या जणींकडून हेच ऐकलंय की आता विचारायची पण गरज पडत नाही.

दुसरं, त्यांचं काम हातातलं होतं, तुझं अर्धं काम डोक्यातलं आहे. सरकारचा टाइम यूज सर्व्हे असतो, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं ते मोजणारा, २०२४ चा बघ, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. यात मुलांचं, आजाऱ्यांचं करणं धरलेलं नाही, ते वेगळं मोजतात. आणि लक्षात ठेवण्याचं काम तर कोणत्याच रकान्यात पूर्ण मावत नाही. तुझ्याच घरातलं घे. पाणी एक दिवसाआड, नर्मदा तिकडून जलूदहून पंपाने चढून येते ती काही तुझी सोय बघून येत नाही, तेव्हा आज पाण्याचा दिवस आहे का, मोटर लावली का. कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की ओला, सुका आणि डायपरचा वेगळा असे डबे घेऊन पळ. मम्मीजींच्या, म्हणजे तुझ्या सासूबाईंच्या, कॅल्शियमच्या गोळ्या किती उरल्या. मुलाला १६ महिने झाले की डीपीटीचा बूस्टर आणि एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेलाचा, दुसरा डोस. मुलीला उद्या चार्ट पेपर हवाय हे रात्री साडेनऊला कळलं. बाई उद्या येणार की नाही. आरओचा फिल्टर. नणंदेच्या मुलाचा वाढदिवस, फोन केला नाही तर ते लक्षात ठेवणार. यातलं एकेक काम पाच मिनिटांचं आहे, कोणी म्हणेल यात काय एवढं, पण हे सगळं एकाच डोक्यात रात्रंदिवस चालू असतं, झोपेत पण.

तर पहिलं काम कर. फ्रिजवर एक कागद लाव आणि दोन दिवस, तुला कोणासाठी काहीही आठवलं की तिथे लिही. काम केलंस म्हणून नाही लिहायचं, आठवलं म्हणून लिहायचं. दोन दिवसांत कागद भरतो, बायका स्वतःच बघून गप्प होतात, आणि नवरे तर जास्तच, कारण त्यांना खरंच माहीत नसतं, सगळेच काही वाईट नसतात गं.

मग त्यातलं वाटायचं. आता इथे एक गोम आहे. बहुतेक घरांत वाटणं म्हणजे बायको सांगते आणि नवरा करतो, आणि राहून गेलं की वर ऐकवतो, सांगितलं असतंस तर केलं असतं. म्हणजे हात त्याचे आणि डोकं परत तुझंच. तसं नको. ज्याच्याकडे काम गेलं त्याच्याकडे ते लक्षात ठेवणं पण गेलं पाहिजे. मम्मीजींची औषधं त्याच्याकडे, म्हणजे डबी भरणं, संपत आली की आणणं, डॉक्टरची तारीख, फिजिओथेरपिस्टशी बोलणं, सगळं. त्याचीच आई आहे, जमेल. आणि एक सांगून ठेवते, मम्मीजी ७० च्या वर आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना हॉस्पिटलच्या खर्चाचं वर्षाला ५ लाखांपर्यंतचं सरकारी कव्हर आहे, घरचं उत्पन्न कितीही असो. ते काढायला पण त्यालाच पाठव, आधार कार्ड लागतं. पाणी आणि मोटर पण त्याच्याकडे, टाकी रिकामी राहिली तर टँकर तोच बोलावेल.

दिल्यावर मात्र मागे वळून बघायचं नाही. सुरुवातीला तो विसरेल, एखाद दिवशी चार्ट पेपर येणार नाही, पोरगी शाळेत बोलणी खाईल, खाऊ दे. फक्त बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर पहिला महिना तू गुपचूप डबी बघून घे, तिथे धडा शिकवायला जायचं नाही. बाकी ठिकाणी विसरू दे. आपण बायका पण कमी नसतो, काम देतो आणि मग त्याने लावलेला घड्यांचा गठ्ठा उलगडून परत लावतो, मग तो म्हणतो तूच कर.

आता ते संध्याकाळचे सात. मला कोणी विचारलं की घर चालवण्यात सगळ्यात अवघड काय, तर मी म्हणेन साडेपाच ते साडेसात. मुलगी भुकेली आणि शाळेची सगळी चिडचिड घेऊन घरी आलेली, मुलगा झोपेला आलेला पण आत्ता झोपला तर रात्री बारापर्यंत जागणार म्हणून त्याला जागं ठेवायचं, मम्मीजींना बाथरूमला न्यायचं, कुकरची तिसरी शिट्टी, दारात भाजीवाला, आणि त्यातच नवऱ्याचा फोन की आज उशीर होईल. आणि तू शेवटचं नीट कधी खाल्लंस? सकाळी अकराला अर्धी पोळी चहाबरोबर. स्वभाव म्हणून ज्या गोष्टी बायका माझ्याकडे घेऊन यायच्या त्यातल्या कितीतरी नुसत्या उपाशीपणाच्या होत्या, खरं सांगते. सातला तोल जातो ना, मग उपाय साडेचारला करायचा. मम्मीजींचा चहा असतो तेव्हा तू पण बस, खाली बस, आणि चहाबरोबर टोस्ट नाही, पोटात काहीतरी टिकणारं जाऊ दे, उसळ असेल, मूठभर दाणे-गूळ, फुटाणे, उकडलेलं अंडं चालत असेल तर ते.

स्वयंपाकाची अर्धी तयारी दुपारी करून टाक, कणीक मळून, भाजी चिरून. मुलांना साडेसहाला जेवायला घाल, मोठ्यांची वाट बघायची नाही. मऊ खिचडी, वरणभात, थालीपीठ, जे असेल ते. रात्रीला एकच पदार्थ ठेव. पोळी-भाजी-आमटी-भात-कोशिंबीर हे दोन्ही वेळा झालंच पाहिजे असं कुठल्याच शास्त्रात लिहिलेलं नाही, आणि आपण तर इंदूरचे, पानात शेव टाकली की अर्धी तक्रार मिटते. ६ वर्षांच्या मुलीला त्या वेळात वीस मिनिटं कार्टून लावलंस तर त्याचं अजिबात मनाला लावून घेऊ नकोस. धाकट्याला नको हां, दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन दाखवूच नये असं डब्ल्यूएचओ पण सांगते, त्याला डबे-झाकणं दे वाजवायला.

आणि तरी ओरडशील. सगळ्याच ओरडतात. त्यावर एक संशोधन मला फार आवडतं. एड ट्रॉनिक म्हणून अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ, त्यांनी आया आणि बाळांचे व्हिडिओ अगदी सेकंदा-सेकंदाने तपासले. अगदी छान चाललेल्या जोड्यांमध्ये सुद्धा आई आणि बाळ एकमेकांशी जुळलेले असतात सुमारे ३० टक्केच वेळ, बाकी वेळ गडबड, आणि मग परत जुळवून घेणं. ते जे परत जुळवून घेणं आहे ना, त्यातून मूल शिकतं की बिनसलं तरी नीट होतं. म्हणून ओरडल्यावर रात्री झोपलेल्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत रडू नकोस, ते तिला कळतच नाही. तासाभरात, ती जागी असताना, तिच्या उंचीला बसून सांग, मी ओरडले, मी दमले होते, तुझा राग नव्हता. आणि पुढे, दप्तर मात्र उचलायचंय हं. बस. तिच्या गळ्यात पडून रडायचं नाही, ६ वर्षांच्या पोरीने आईची समजूत काढायची वेळ येऊ नये.

आता शरीराचं, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार कारण तू लिहिलंयस की मम्मीजींना उठवताना पाठीत चमक येते. तू त्यांना बहुतेक दोन्ही हातांना धरून किंवा काखेत हात घालून ओढतेस. त्याने तुझी पाठ जाते आणि त्यांचा खांदा. असं कर, त्यांना आधी खुर्चीच्या किंवा पलंगाच्या कडेपर्यंत पुढे सरकू दे. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले, चांगला पाय जरा मागे, ऑपरेशनचा थोडा पुढे. हात खुर्चीच्या हातांवर, वॉकरवर नाही, वॉकर उलटतो. मग थोडं पुढे झुकून त्यांनी स्वतः हातांनी रेटत उठायचं. तू ऑपरेशनच्या पायाच्या बाजूला उभी राहा, गुडघ्यात वाकून, कमरेला आधार दे, नुसता आधार, ओढायचं नाही. एक-दोन-तीन म्हणायचं म्हणजे दोघी एकदम. त्यांचा सांधा बदललाय की रॉड-स्क्रू टाकलेत ते डॉक्टरांना विचारून घे, कारण सांधा बदलला असेल तर किती वाकायचं, पाय ओलांडायचा की नाही याचे नियम वेगळे असतात. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

बसायची जागा उंच पाहिजे, गुडघ्यापेक्षा खुबा जरा वरच राहील इतकी. आपल्या घरांतले ते बैठे दिवाण यासाठी एकदम वाईट. सुताराकडून चार लाकडी ठोकळे करून पायांखाली घाल, कमोडवर उंची वाढवणारी सीट मिळते ती लाव, बाथरूममध्ये दोन ठिकाणी धरायला पक्के स्टीलचे बार, न घसरणारी मॅट, रात्रभर एक छोटा दिवा. एका रविवारी हे सगळं होतं आणि त्यानंतर दिवसातल्या तुझ्या निम्म्या उठाठेवी कमी होतात. आणि हो, हाड एकदा असं साध्या पडण्याने मोडलं की पुन्हा मोडायचा धोका असतो, त्यासाठी ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ होण्यावरचं, औषध चालू आहे का हे आवर्जून विचार, ऑपरेशन झालं की लोक ते विसरतात.

जे त्यांना स्वतःला जमतं ते त्यांनाच करू दे, वेळ लागला तरी. हे तुला कोरडेपणाचं वाटेल पण वेणी घालायला त्यांना दहा मिनिटं लागत असतील तर लागू देत. त्या चिडचिड करतात असं लिहिलंयस. पडल्यानंतर म्हातारं माणूस घाबरलेलं असतं गं, आणि दुसऱ्यावर अवलंबून राहायची लाज त्याहून मोठी असते. त्यांना बसल्या जागी काम दे. मेथी निवडायला, मटार सोलायला. नातीचे पाढे, परवचा त्यांच्याकडे. तिला दिवेलागणीला त्यांच्या खोलीत बसव, शुभंकरोती, पाढे, एक गोष्ट, तेवढा अर्धा तास ती तुझ्या पायात नाही आणि त्यांनाही वाटतं की आपलं घरात काही आहे.

तुझ्या स्वतःच्या रक्ताच्या तपासण्या शेवटच्या कधी झाल्या? बाळंतपणातल्या ना? हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी १२, व्हिटॅमिन डी करून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला, म्हणजे दर दोघींत एकीपेक्षा जास्त. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर जिना चढताना धाप, डोकं जड, जराशात चिडणं, हे सगळं होतं आणि आपण त्याला आळस किंवा स्वभाव म्हणतो. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली तर चहा-दूध-कॅल्शियमबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे. शाकाहारी घरात बी १२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे.

आणि रडण्याबद्दल. कधीतरी रडू येणं वेगळं. पण दोन आठवड्यांवर रोज चाललं असेल, मूल झोपलं तरी तुला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, किंवा आपण नसलेलेच बरे असा विचार येत असेल, तर हे दमणं नाही, आजार आहे, त्याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन वर्षभरात कधीही डोकं वर काढतं आणि ओळखलं गेलं नाही तर पुढे पण चालू राहतं. टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट. घरात कोणी हात उचलत असेल तर मग या उत्तरातलं काहीच करत बसू नकोस, सरळ १८१ ला, महिला हेल्पलाइनला, फोन. तुझ्या लिहिण्यात तसं काही दिसलं नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्या असतात म्हणून लिहिलं.

पहाटे पाचला उठणं वगैरे, रात्री दोनदा उठवणारं मूल असताना ते म्हणजे आहे ती झोप पण कापणं. नको. मेडिटेशन आवडत असेल तर कर, पण झोप सोडून नाही. दुपारी मुलगा झोपला की पहिली वीस मिनिटं तू आडवी हो, मग ओटा. ओटा कुठे जात नाही.

आपल्या इंदुरात अजून एक होतं, सुनेने जरा कुरकुर केली की अहिल्याबाईंचं उदाहरण देतात, नवरा गेला, सासरे गेले, मुलगा गेला तरी केवढं राज्य चालवलं. खरंच चालवलं, १७६७ पासून १७९५ पर्यंत, महेश्वरहून. पण कसं चालवलं ते कोणी सांगत नाही. फौज तुकोजी होळकरांकडे सोपवलेली होती, वसुलीला कमाविसदार होते, लिहायला कारकून होते. स्वतः दरबारात बसून लोकांचं ऐकायच्या आणि निर्णय द्यायच्या. तलवार पण मीच घेते आणि वसुलीला पण मीच जाते असं त्या करत बसल्या नाहीत. पुढच्या वेळी कोणी हे उदाहरण दिलं तर म्हण, हो ना, मग माझे तुकोजी कोण ते ठरवून द्या.

सणांचं थोडक्यात. महालक्ष्म्या तुमच्याकडे उभ्या असतात असं लिहिलंयस. तीन दिवस, आवाहन, पूजा, विसर्जन, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आणि यंदा मम्मीजी उभ्या राहू शकणार नाहीत. भाद्रपदाच्या महिनाभर आधीच त्यांच्याजवळ बस आणि विचार, यातलं काय झालंच पाहिजे आणि काय वाढत वाढत आलंय. त्यांना विचारलंस की त्या स्वतःच कमी करतात, हे मी कितीतरी घरांत बघितलंय, तू ठरवलंस तर मात्र तेच बंड ठरतं. सोळा भाज्या म्हणजे सोळा पातेली लागत नाहीत, एकत्र एक भाजी होते. पुरणपोळ्या घरगुती करून देणाऱ्या आपल्या बायका लोकमान्य नगर, राजेंद्र नगरकडे मिळतात, आधी सांगावं लागतं. हळदीकुंकवाला पंधरा जणी आल्या तरी पुष्कळ.

पैशाचं एक, कारण नोकरी सोडल्यावर हे बोलायचं राहून जातं. तुझ्या एकटीच्या नावावर खातं चालू ठेव आणि दर महिन्याला त्यात ठरलेली रक्कम जाऊ दे, मागून नाही, ठरवून. तुझं स्त्रीधन, माहेरहून मिळालेलं, भेट आलेलं, हे तुझंच, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने बाईच्या मालमत्तेची ती पूर्ण मालक आहे. घरी बसलीस म्हणजे काही कमवत नाहीस असं कोणी म्हणालं तर जानेवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपघाताच्या भरपाईच्या एका केसमध्ये स्पष्ट म्हटलंय की गृहिणीच्या कामाचं आर्थिक मोल धरलंच पाहिजे. वाद घालायला म्हणून नाही सांगत, तुला स्वतःला माहीत असावं म्हणून.

शेवटी विचारलंयस की हे उत्तर नवऱ्याला पाठवू का. नको पाठवूस. फॉरवर्ड केलेलं उत्तर म्हणजे चार्जशीट वाटते, तो पहिल्या ओळीपासून बचाव शोधायला लागेल. त्यापेक्षा तो फ्रिजवरचा कागद दाखव. रात्री दमलेला असताना नाही, रविवारी सकाळी, पोहे-जलेबी खाऊन झाल्यावर, मुलगा फरशीवर खेळत असताना. म्हण, यातली कोणतीही तीन कामं घे, लक्षात ठेवण्यासकट. निवड त्याची. पहिलं औषधांचं त्याने घेतलं तर सोन्याहून पिवळं. तो म्हणेल आईची आंघोळ वगैरे मला कसं जमेल, तिलाच लाज वाटते, आणि त्याचं बरोबर आहे. आंघोळीसाठी सकाळी तासभर येणारी एक बाई लावा. पगार तुझ्या घरखर्चातून काढू नकोस. मम्मीजींना पेन्शन आहे असं लिहिलंयस, त्यांना विचारून त्यातून द्या, बाई निवडताना पण त्यांनाच बसवा समोर. ज्या बाईला आपण पगार देतो तिला पाणी जरा गरम कर हे सांगायला संकोच वाटत नाही, सुनेला सांगायला वाटतो.